चिमणीचं वजन किती? सलीम अलींच्या आयुष्यातला एक छोटा रकाना

खिशात दहा रुपयांची तीन नाणी असतील तर तळहातावर ठेवून बघा. साधारण २३ ग्रॅम होतात. आपल्या अंगणातली चिमणी याच्याहून थोडीशीच जड असते.

आता प्रश्न असा, की हे कुणी मोजलं? चिमणी काही स्वतःहून काट्यावर येऊन बसत नाही. फुलटोचा नावाचा एवढासा पक्षी असतो, मुंबई-पुण्यातल्या बागांतही दिसतो. त्याचं वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या एका नाण्याएवढं. दुसऱ्या टोकाला माळढोकाचा नर, दहा ते पंधरा किलोचा. यांच्या मधल्या शेकडो जातींचे आकडे आज मोबाइलवर दोन सेकंदांत सापडतात. पण त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठल्यातरी रानात, पक्षी प्रत्यक्ष हातात धरून काढलेला आहे.

भारतातल्या पक्ष्यांची ही मोजमापं एका जागी आणण्याचं काम ज्यांच्या नावावर आहे ते म्हणजे डॉ. सलीम अली. आपण त्यांना बर्डमॅन म्हणून ओळखतो. टोपी, दुर्बीण, पांढरी दाढी. पण या माणसाच्या आयुष्यातला मोठा भाग पक्षी बघण्यापेक्षा पक्षी मोजण्यात गेलाय, आणि त्याची सुरुवात बंदुकीनं झालीय.

तर गोष्ट सुरू होते मुंबईच्या खेतवाडीतून.

१२ नोव्हेंबर १८९६ ला सलीमचा जन्म झाला. सुलेमानी बोहरा कुटुंब, घरातलं शेवटचं मूल. एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना वाढवलं. मामांना शिकारीचा नाद. त्या काळी असल्या घरात मुलाच्या हातात एअरगन येणं म्हणजे आज मोबाइल येण्यासारखंच. सलीम दिवसभर चिमण्या मारत फिरायचा.

वय नऊ-दहा असेल. तबेल्यातल्या एका घरट्यावर चिमणीचा नर बसलेला असायचा. सलीमनं तो टिपला. थोड्या वेळानं बघतो तर मादीनं दुसरा नर आणलेला. तोही टिपला. असं करत सात दिवसांत आठ नर मारले, आणि दर वेळी मादीजवळ नवा जोडीदार हजर. हे त्यानं वहीत लिहून ठेवलं. पुढे कित्येक वर्षांनी ती नोंद छापली गेली. आज वाचताना अंगावर काटा येतो हे खरं, पण त्यात एक गोष्ट दिसते. पोरगं नुसतं मारत नव्हतं, मोजत होतं. किती दिवस, किती नर, पुढे काय झालं, सगळं लिहून.

मग आली ती प्रसिद्ध चिमणी. सलीमनं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. घरात खायला न्यायची की नाही हा प्रश्न होता, कारण ही नेहमीची चिमणी वाटत नव्हती. मामांनाही ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला पाठवलं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत. साल १९०८. सोसायटीचे सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड.

गोऱ्या साहेबाच्या ऑफिसात कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन जायचं, तेही बारा वर्षांच्या देशी पोरानं. भीती वाटलीच असणार. पण मिलार्डनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे हे सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढे सोसायटीतल्याच नॉर्मन किनिअर यांनी त्याला पक्ष्याचं कातडं सोलून, आत कापूस भरून, नमुना कसा करायचा ते शिकवलं.

हे नमुन्याचं प्रकरण इथं जरा नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

तेव्हा पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारायचा, सोलायचा, वाळवायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधून खणात ठेवायचा. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, डोळ्यांचा आणि पायांचा रंग. पंख, चोच, शेपटी, पाय यांची लांबी नंतरही मोजता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या कातड्याचा पंख आजही पट्टीनं मोजता येतो. पण वजन? ते त्या दिवशी, सोलण्याआधीच घ्यावं लागतं. एकदा मांस काढून कापूस भरला की वजन कायमचं गेलं. वाळलेल्या कातड्याला कितीही अचूक काट्यावर ठेवा, उपयोग शून्य.

आणि झालं नेमकं तेच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी भारतभर हजारो पक्षी मारले, जहाजांतून लंडनला पाठवले. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर वजनाची जागा कोरी. दिवसभर शिकार, संध्याकाळी तंबूत कंदिलाच्या उजेडात पंधरा-वीस पक्षी सोलायचे, उकाड्यात ते सडण्याआधी. त्या गडबडीत काटा कोण काढतो? शिवाय ग्रॅममध्ये मोजणारा बारीक काटा बैलगाडीतून सुखरूप न्यायचा कसा, हाही प्रश्न होताच.

म्हणजे पक्षी गेला तो गेलाच, आणि अर्धी माहितीही त्याच्याबरोबर गेली.

इकडे सलीमचं शिक्षण काही धड चाललं नव्हतं. सेंट झेवियर्स कॉलेज मध्येच सोडून तो ब्रह्मदेशात तवॉयला गेला. तिथं घरच्यांचा वुल्फ्रॅम खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी, जंगलात जास्त. निकाल काय लागायचा तो लागला. १९१७ मध्ये मुंबईला परत. दावर कॉलेजात कॉमर्स शिकायला सुरुवात केली, पण झेवियर्सच्या फादर ब्लाटर यांनी आतला माणूस ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे ओढलं. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिनाशी लग्न झालं.

पदवी मात्र नव्हती. त्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरी मिळाली नाही. आजही हे कितीतरी जणांच्या बाबतीत घडतं, काम येतं पण कागद नाही. शेवटी १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात गाइड लेक्चररची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षं केली आणि कंटाळले. १९२८ मध्ये अभ्यासासाठी रजा घेतली आणि थेट बर्लिन गाठलं. आधी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विचारून पाहिलं होतं, तिथून फारसा उत्साह दिसला नाही. बर्लिनच्या संग्रहालयातल्या एर्विन श्ट्रेझेमान यांनी मात्र या पदवी नसलेल्या मुंबईकराला शिष्य करून घेतलं. सलीम अलींनी त्यांना आयुष्यभर गुरू मानलं.

बर्लिनमध्ये आणखी एक माणूस भेटला, ऑस्कर हाइनरोथ. या गृहस्थानं बायकोच्या मदतीनं युरोपातले पक्षी घरात, म्हणजे खरोखर राहत्या घरात, अंड्यापासून वाढवले आणि त्यांची वाढ नोंदवली. १९२२ मध्ये त्यानं पक्ष्याचं वजन, अंड्याचं वजन, एका खेपेच्या सगळ्या अंड्यांचं वजन आणि उबवायला लागणारे दिवस यांचा संबंध जोडून दाखवला होता. लहान पक्षी आपल्या शरीराच्या मानानं मोठं अंडं घालतो, मोठा पक्षी लहान. वजन हा पक्ष्याच्या सगळ्या संसाराचा हिशोब लावायची किल्ली आहे, हे त्यातून दिसत होतं. जर्मनीत असतानाच सलीम अलींनी हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम बघितलं. पक्षी पकडायचा, मोजायचा, कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. मारायचा नाही.

हे डोक्यात घेऊन १९३० मध्ये परत आले, तर नोकरीच गायब! संग्रहालयाकडे पैसे नाहीत म्हणून जागा रद्द झालेली.

मग हे दोघं नवरा-बायको गेले अलिबागजवळ किहीमला, तेहमिनाच्या माहेरच्या घरात. भाडं नाही, गर्दी नाही. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळ भरपूर. पावसाळाभर सलीम अली तासन्‌तास त्या घरट्यांसमोर बसले आणि सुगरणीच्या संसाराचं गुपित बाहेर आलं. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन आत शिरून तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. १९३१ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. नोकरी गेली नसती तर हे झालं असतं का, कोण जाणे.

त्यानंतरची वीसेक वर्षं म्हणजे नुसती भटकंती. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. एकेका संस्थानाचा दरबार खर्च द्यायचा आणि सलीम अली तिथल्या पक्ष्यांची पाहणी करायचे. तेहमिना बरोबर असायच्या. बैलगाडी, तंबू, डाकबंगला. इंग्लंडमधून ह्यू व्हिसलर हे पंजाब पोलिसातले निवृत्त अधिकारी नमुने तपासून देत. मोजमापात ते फार काटेकोर. आधी थोडी खडाखडी झाली, मग पक्की दोस्ती.

या पाहण्यांमध्ये सलीम अलींनी पक्षी मारले, भरपूर मारले. हे लपवायचं कारण नाही, त्यांनीही कधी लपवलं नाही. शास्त्रासाठी मोजका नमुना घेणं आणि मजेसाठी शिकार करणं यात ते फरक करत. नमुने नसते तर कुठली जात कुठे राहते, प्रांताप्रांताचा फरक काय, हे ठरवताच आलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पण नुसती कातडी जमवण्यापेक्षा जिवंत पक्षी कसा जगतो हे बघण्यात त्यांना जास्त रस होता, हेही तितकंच खरं.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली कोसळले. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवर आपल्या घरी नेलं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथून काढलं. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं ते गाजलेलं पुस्तक आलं, जे घेऊन आजही लोक पक्षी बघायला सुरुवात करतात.

मध्ये एक प्रकरण सांगायलाच हवं. १९३७ मध्ये सलीम अली अफगाणिस्तानात गेले होते ते कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन यांच्याबरोबर. हा माणूस तेव्हा जगातला फार मोठा पक्षितज्ज्ञ समजला जायचा. त्यानं डायरीत सलीम अलींबद्दल बरंच वाईट लिहून ठेवलं होतं. पुढे तो मजकूर सलीम अलींच्या हाती आला, तर त्यांनी तो सरळ आपल्या आत्मचरित्रात छापून टाकला. याला म्हणतात जिगर.

पण खरी गंमत पुढे आहे. माइनर्टझहागन मेल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकात, तज्ज्ञांनी त्याचे नमुने एकेक करून तपासले. तेव्हा कळलं, की गड्यानं संग्रहालयांतून दुसऱ्यांचे पक्षी चोरले, पुन्हा शिवले आणि स्वतःच्या खोट्या चिठ्ठ्या बांधल्या. त्यात आपल्या खानदेशातला रानपिंगळा होता. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं १८८४ पर्यंत खानदेशात जमवलेला हा पक्षी नंतर कुणाला दिसला नव्हता. माइनर्टझहागननं त्यातला एक उचलला आणि तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला असं दाखवलं. झालं! शोधणारे चुकीच्या पत्त्यावर शोधत राहिले. ती चिठ्ठी बाद केल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळ पोचले आणि रानपिंगळा समोर झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. सलीम अली हे बघायला नव्हते.

एका खोट्या चिठ्ठीनं एवढं होतं. म्हणून पक्ष्यांच्या आकड्यांमध्ये आकड्याइतकंच महत्त्व असतं ते कुणी, कुठे, कधी घेतला याला.

आता येऊ वजनाच्या मुख्य गोष्टीकडे.

१९५७ मध्ये कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली. पाठोपाठ माणसांना ताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, शोध घेतला तर गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू सापडला. तो रशियातल्या एका विषाणूचा नातेवाईक निघाला. मग शंका आली, की हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडींबरोबर हे दुखणं आणतात की काय? पुढे तसा पुरावा काही हाती लागला नाही. पण त्या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटना पैसे द्यायला तयार झाली आणि १९५९ पासून सोसायटीनं सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला.

भारतात कडी घालण्याचा प्रयोग आधीही झाला होता. धारच्या महाराजांनी १९२६ च्या सुमारास बदकांना कडी घातली होती. पण एवढ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच. भरतपूर, कच्छ, तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमियर, केरळ. ॲल्युमिनियमचं कडं, त्यावर नंबर आणि सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. पक्षी पकडायला झाडांमध्ये मिस्ट नेट म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक जाळी लावायची. शिवाय बिहारमधले मीरशिकार होते. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे हे लोक. बाजारात विकायला जे कसब वापरायचे तेच आता शास्त्राच्या कामी आलं. पुस्तकातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा त्यांचा फास आणि त्यांचा संयम भारी पडायचा.

आणि इथं काटा आला.

प्रकार साधा आहे. पक्षी कापडी पिशवीत घालायचा. अंधार झाला की तो शांत होतो. पिशवी स्प्रिंगच्या काट्याला अडकवायची, आकडा वाचायचा, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं. वाणी जसा डब्याचा धडा करतो तसंच. फक्त इथं डबा फडफडतो. पिशवीत विष्ठा पडली की पिशवीचं वजन पुन्हा घ्यायचं, नाहीतर पुढच्या पक्ष्याचा हिशोब चुकला. वीस ग्रॅमच्या पक्ष्यात एक ग्रॅमची चूक म्हणजे पाच टक्के, काही थोडंथोडकं नाही.

दुसरा घोळ असा, की पक्ष्याचं वजन एक नसतंच. सकाळी उपाशी पक्षी हलका, संध्याकाळी पोट भरून जड. रात्रभर थंडीत ऊब टिकवण्यासाठी तो आपलीच चरबी जाळतो. अंडं घालायच्या आधी मादी जड. ससाणे, गरुड यांच्यात मादी नरापेक्षा चांगलीच मोठी. आणि सगळ्यात मोठा फरक स्थलांतराच्या वेळचा. इवलासा वटवट्या हजारो किलोमीटर उडण्याआधी खाऊन खाऊन एवढी चरबी साठवतो, की काही जातींत वजन दुपटीच्या जवळ जातं. पोचला की पुन्हा हाडाचा सापळा. त्यामुळे ज्याच्यासोबत तारीख नाही, नर-मादी नाही, किती पक्षी तोलले ते नाही, असा नुसता आकडा फारसा कामाचा नसतो.

म्हणून कडी घालायच्या कॅम्पवर रजिस्टर भरायचं ते सगळ्या तपशिलांसह. कड्याचा नंबर, जात, नर-मादी, पंख, वजन, तारीख. पहाटे जाळी उघडायची आणि मान मोडेपर्यंत लिहायचं. यात रोमांचक काही नाही. मला तर वाटतं, की सलीम अलींच्या आयुष्यातला हाच भाग सिनेमात येणार नाही, कारण दाखवायला काही नाही. पण इथंच मोठा बदल झाला होता. पूर्वी पक्ष्याचं वजन म्हणजे मेलेल्या पक्ष्याचं वजन. आता तोच आकडा वहीत उतरायचा आणि पक्षी तळहातावरून उडून जायचा. नशीब असेल तर पुढच्या हिवाळ्यात तोच नंबर पुन्हा जाळ्यात, आणि त्याच पक्ष्याचं दुसऱ्यांदा वजन. मेलेल्या पक्ष्याकडून हे कधीच मिळालं नसतं.

प्रकल्पावर बालंटही आलं. १९६० च्या दशकात या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका कार्यक्रमातूनही पैसे येत होते, आशियाभर पक्ष्यांवरच्या रोगजंतूंचा अभ्यास करणाऱ्या. १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांत आलं, की पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चाललीय. प्रकरण संसदेपर्यंत गेलं. ज्या माणसानं आयुष्यभर रानात काढलं, त्याच्या कामाकडे हेरगिरी म्हणून बघितलं गेलं. सलीम अलींनी आरोप फेटाळले, पण ही गोष्ट त्यांना लागली.

तोवर दुसरं मोठं काम कडेला आलं होतं. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ली आणि सलीम अली यांनी मिळून भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचं हँडबुक लिहायला घेतलं होतं. पहिला खंड आला १९६८ मध्ये, दहावा १९७४ मध्ये. पहिला खंड आला तेव्हा सलीम अलींनी सत्तरी ओलांडली होती.

हे खंड लायब्ररीत मिळाले तर जरूर बघा. जातीचं वर्णन, आवाज, घरटं, अंडी आणि शेवटी बारीक टायपात मोजमापं. पंख, चोच, पाय, शेपटी आणि त्यानंतर वजन. किती नर, किती माद्या, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि कंसात ज्यानं वजन केलं त्याच्या नावाची आद्याक्षरं. कुठं नेपाळात काम केलेल्या जर्मन तज्ज्ञाची, कुठं कलकत्त्याच्या बिस्वमय बिस्वास यांची, कुठं खुद्द सलीम अलींची. काही ठिकाणी फक्त एका पक्ष्याचं वजन. काही ठिकाणी ओळच नाही. नाही म्हणजे नाही, अंदाजे आकडा टाकून रकाना भरलेला नाही. मला स्वतःला ही रिकामी जागा फार आवडते. पुढच्याला कळतं, की इथं अजून कुणी काटा नेलेला नाही.

पुढे झालं काय, तर अमेरिकेत जॉन डनिंग यांनी जगभरातल्या पुस्तकांतले, नियतकालिकांतले आणि संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवरचे असे विखुरलेले आकडे एकत्र करायला घेतले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिली आवृत्ती आली, सहा हजारांहून जास्त जातींची. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती संख्या साडेआठ हजारांच्या वर गेली. त्यातही तीच शिस्त, आकड्याबरोबर किती पक्षी आणि स्रोत कोणता. २०२२ मध्ये ॲव्होनेट नावाचा माहितीसाठा सगळ्यांसाठी खुला झाला. त्यात जगातल्या ११ हजारांवर जाती आहेत, ९० हजारांहून अधिक पक्ष्यांची मापं आहेत, आणि वजनाचा पाया बऱ्याच अंशी डनिंग यांच्या याद्यांचाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? पक्षी २० ग्रॅमचा असो की २२ चा, फरक काय पडतो?

गिधाडांचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं अचानक नाहीशी होऊ लागली. २००४ मध्ये कळलं, की जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातंय आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतायत. मग प्रश्न आला, किती औषध जीवघेणं? त्याचं उत्तर दर किलो वजनामागेच काढता येतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडासाठी ते निघालं किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. हे गिधाड साडेचार किलोच्या आसपासचं. म्हणजे त्याला मारायला एक मिलिग्रॅमही लागत नाही. वजन माहीत नसतं तर हा हिशोब कागदावर मांडताच आला नसता. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

पक्ष्यांच्या पाठीवर जे ट्रान्समीटर बसवतात त्यांचंही तेच. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावं, असा रिवाज आहे. म्हणजे चिमणीएवढ्या पक्ष्याला एक ग्रॅमच्या आतलं यंत्र. त्याहून जड घातलं तर आपण अभ्यास करतोय की छळ, हा प्रश्न येतो.

सलीम अलींना यातलं डायक्लोफेनॅकही माहीत नव्हतं आणि कॉम्प्युटरमधला माहितीसाठाही. त्यांच्या हयातीत पुरस्कार मात्र भरपूर आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीतल्या निसर्ग संवर्धन निधीला देऊन टाकले. भरतपूर वाचवायला आणि सायलेंट व्हॅलीतलं धरण थांबवायला त्यांनी आपलं वजन वापरलं. (हे दुसऱ्या प्रकारचं वजन!) १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्याच्या नावात तीच ती १९०८ ची चिमणी आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. या माणसाला मोटारसायकलींचं भयंकर वेड होतं. तवॉयच्या दिवसांपासून एनएसयू, हार्ले डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट अशा गाड्या त्यांनी चालवल्या. १९५० मध्ये स्वीडनला उप्साला इथं पक्षिशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती. वय ५३. जहाजावर आपली सनबीम चढवली आणि युरोपातून ती चालवत परिषदेला गेले.

२० जून १९८७ ला, वयाच्या नव्वदीत, प्रोस्टेटच्या कॅन्सरनं सलीम अली गेले. सोसायटीचं हॉर्नबिल हाउस मुंबईत शहीद भगतसिंग रोडवर आहे. तिथल्या संग्रहात सोललेले, कापूस भरलेले हजारो पक्षी खणांमध्ये ओळीनं पडून आहेत, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. आणि भरतपूर, पॉइंट कॅलिमियर वगैरे ठिकाणी कडी घालायचं काम अजूनही चालतं. पिशवी काट्याला लावायची, आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, मग पिशवीचं तोंड मोकळं करायचं.